पाणपोई: माठ आणण्याआधीपासून माठ पालथा घालेपर्यंत

गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत गावोगावी पाणपोया लागतात. नारळ फुटतो, फलक लागतो, पहिला पेला कुणातरी पाहुण्याच्या हातात दिला जातो. त्याच पाणपोईवर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघा. माठ कोरडा असतो, नाहीतर तळाला हिरवं शेवाळ असतं. पाण्याची खरी गरज तेव्हाच असते.

आमच्या फाट्यावर आम्ही पहिल्या वर्षी लावलेली पाणपोईही अशीच बंद पडली. मेमधल्या एका दुपारी मी समोरच्या दुकानात बसलो होतो. भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी आली. टोपली खाली ठेवून तिने झाकण काढलं, वाकून आत बघितलं आणि ओगराळं तळाशी दोनदा फिरवलं. मातीवर घासल्याचा आवाज मला दुकानात ऐकू आला. मग तिने झाकण पुन्हा जागेवर नीट ठेवलं, पदराने तोंड पुसलं, टोपली उचलली आणि चालायला लागली. पुढची वस्ती तिथून तीन किलोमीटरवर. मी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत ती वळणाच्या पलीकडे गेली होती.

पाणपोईवर विसंबून माणूस जवळची बाटली भरून घेत नाही. म्हणून रिकामी पाणपोई नसलेल्या पाणपोईपेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे. लावायची तर पाऊस पडेपर्यंत चालवायची. ते कसं, हे पुढे क्रमाने सांगतो. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

१. आधी माणूस, मग जागा, माठ सगळ्यात शेवटी

बहुतेक जण आधी माठ आणतात, मग जागा शोधतात आणि भरणार कोण हा प्रश्न शेवटी येतो. सुरुवात याच प्रश्नापासून करा.

"सगळे मिळून भरू" असं ठरलं की कुणीच भरत नाही. वाराला एक घर, असं नावानिशी लिहा. सोमवार अमक्याचा, मंगळवार तमक्याचा. सात घरं मिळत नसतील तर चार घ्या आणि तीन घरांना दोन-दोन वार द्या. लग्नसराईत आणि सुट्टीत माणसं गावाला जातात, म्हणून प्रत्येक वारासाठी बदली नावही आत्ताच ठरवून ठेवा. ही यादी मोबाईलच्या ग्रुपवर टाकून भागत नाही. पाणपोईजवळ भिंतीवर खडूने लिहा, म्हणजे येणारा-जाणाराही विचारतो, "आज कुणाची पाळी?"

आता जागा. दिवसभर ज्याची नजर पडते असं एखादं दुकान, पिठाची गिरणी, सायकलचं पंक्चर काढणारा किंवा रिक्षा स्टँड जवळ हवा. एकट्या झाडाखालची पाणपोई दिसायला सुंदर असते, पण तिथून पेले जातात, तोटी मोडते आणि माठ कधी संपला हे कुणाला कळत नाही. दुपारी १२ ते ४ या वेळात सावली कुठे पडते ते त्याच वेळी प्रत्यक्ष जाऊन बघा. सकाळच्या सावलीवर जागा ठरवली तर दुपारी माठ उन्हात तापतो.

वळणावर किंवा जिथे गाडी थांबवल्यावर मागच्याला अडचण होते तिथे लावू नका. रस्त्याच्या कडेची जागा असेल तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आधी विचारा. स्वतःच्या कुंपणाच्या आत माठ ठेवून फक्त तोटी बाहेरच्या बाजूला काढता आली तर फारच चांगलं.

तपासा: सात वारांपुढे नावं, बदली नावं, आणि समोरच्या दुकानदाराचा होकार. यातलं एकही नसेल तर इथेच थांबा. त्यापेक्षा घराच्या फाटकावर एक माठ ठेवा आणि तो एकट्याने नीट चालवा. तोही कमी उपयोगाचा नाही.

२. पाणी किती लागेल

एक माणूस एका वेळी साधारण ३०० मिलिलिटर पितो. पेला विसळण्यात आणि सांडण्यात जातं ते धरून २० लिटरच्या माठात पन्नासेक माणसं पाणी पितात. पण दुचाकीवाला एक लिटरची बाटली भरून घेतो, आणि अशा वीस बाटल्यांत तोच माठ रिकामा होतो. बाटली भरू नका असं कुणालाही म्हणायचं नाही. पुढच्या रस्त्यावर ते पाणी त्याला लागणार आहे. त्याचा हिशेब आपणच आधी धरायचा.

पहिला आठवडा माठ किती वेळा भरला ते वहीत लिहा. त्यावरून मेचा अंदाज बांधा आणि एप्रिलमध्ये लागतं त्याच्या दीडपट तरी धरा. एक मोठा रांजण घेण्यापेक्षा दोन मध्यम माठ घ्या. एक धुवायला काढला तरी दुसरा चालू राहतो. भरलेला रांजण हलवता येत नाही, मग तो कुणी धूतच नाही.

३. माठ निवडणं आणि भिजवणं

कुंभाराकडे गेल्यावर बोटाच्या पेराने माठाला टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर माठ नीट भाजलेला. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भट्टी कच्ची राहिली आहे. माठ उजेडाकडे धरून आत बघा, बारीक भोक असेल तर दिसतं. तोटी बसवलेला माठ घेणार असाल तर ती तळापासून दोन बोटं वर आहे ना ते पाहा. अगदी तळाला असेल तर गाळ पेल्यात येतो.

नवा माठ चोवीस तास पूर्ण भरून ठेवा, पाणी ओतून द्या आणि पुन्हा भरा. असं दोन-तीनदा केल्यावर मातीचा उग्र वास जातो. हे पाणी झाडाला घाला.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. देणगीदाराचं नाव लिहायचं म्हणून माठाला बाहेरून ऑइलपेंट लावतात. आम्हीही लावला होता, पांढरा, त्यावर लाल अक्षरं. पाणी थंडच होईना. माठ गार पडतो तो पाझरून. भिंतीतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या बाजूने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडालं की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. रंगाने छिद्रं बुजली की हे सगळं थांबतं आणि उरतं नुसतं मातीचं पिंप. नाव लिहायचंच असेल तर शेजारी पाटी लावा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा दमट असते. तिथे पाणी कमी उडतं, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याइतका गार माठ तिथे मिळणार नाही. माठात दोष आहे असं समजून बदलत बसू नका. वारा लागेल अशी जागा शोधा, तेवढा फरक पडतो.

४. बैठक आणि सावली

माठ डुगडुगता कामा नये. लोखंडी तिवई चालते, पण रस्त्यावर लहान मुलं तोटीला लोंबकळतात आणि तिवईसकट माठ अंगावर येतो. विटांचा चौकोनी ओटा रचून मधे वाळू भरा आणि माठ वाळूत रुतवून बसवा, पण तोटी वाळूच्या वर मोकळी राहील इतपतच. वाळू ओली ठेवली की खालूनही गारवा मिळतो. ओट्याची उंची अशी ठेवा की तोटी जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येईल. आठ वर्षांच्या मुलीचा हात पोचला पाहिजे आणि म्हातारीला फार वाकायला लागू नये.

माठाभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवता येतं. मात्र गोणपाट खताचं किंवा औषधाचं नको. धान्याचं घ्या आणि धुऊन घ्या.

वर गवताचं छप्पर किंवा शेडनेट घाला. पत्रा घालू नका, तो तापून खाली धग मारतो. पत्राच असेल तर त्यावर पाचट पसरा.

सांडलेल्या पाण्याला वाट द्या. तोटीखाली चिखल झाला की माणूस घसरतो, आणि डासांची सोय होते ती वेगळीच. ओट्यापासून एखाद्या झाडाच्या आळ्यापर्यंत छोटा पाट काढा. आमच्या पाणपोईच्या सांडपाण्यावर एक कडुनिंब वाढला आणि आता त्याचीच सावली ओट्यावर येते.

५. तोटी की ओगराळं

वाढायला दिवसभर माणूस बसणार असेल तर लांब दांड्याचं ओगराळं चालेल. ते फक्त त्याच्याच हातात राहील आणि दांडा माठाबाहेर टांगला जाईल, या अटीवर. माणूस बसणार नसेल तर तोटीच हवी. आल्या-गेल्याचा हात माठात जाणं हे पाणी बिघडण्याचं पहिलं कारण आहे. पाणी नळाचं असो की विहिरीचं, हात आत गेला की पाणी शुद्ध करण्याची सगळी मेहनत वाया जाते.

माठाच्या तोंडाला सुती फडकं बांधा आणि त्यावर झाकण ठेवा. नुसतं झाकण असलं की लोक उचलून बघतातच.

साखळीला बांधलेला एकच पेला ठेवू नका. तो विसळता येत नाही आणि प्रत्येकाचं तोंड त्यालाच लागतं. तोटी असली की ओंजळीने पिता येतं, स्वतःची बाटली भरता येते. ठेवायचे तर चार-पाच स्टीलचे पेले ठेवा, रोज संध्याकाळी घरी नेऊन घासा आणि सकाळी परत आणा. कागदी पेले मी टाळतो. संध्याकाळपर्यंत त्यांचा ढीग होतो आणि तो उडून शेजारच्या शेतात जातो.

६. पाणी शुद्ध करण्याचा क्रम

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

पाणी कुठलं आहे ते आधी पक्कं करा. गावच्या नळयोजनेचं, क्लोरीन घातलेलं ताजं पाणी असेल तर ते गाळून थेट माठात भरा, आणखी काही करायची गरज नाही. विहिरीचं, बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. पाण्याच्या स्रोतांची तपासणी होते आणि ग्रामपंचायतींना त्यावरून हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते क्लोरीनने जात नाही, उकळूनही जात नाही. अशा बोअरचं पाणी पाणपोईत भरायचंच नाही.

पाणी वापरायला योग्य आहे असं ठरल्यावर पुढचा क्रम असा.

पहिली पायरी, गाळणं. धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून गाळा. जुनं सूत नव्यापेक्षा चांगलं, कारण धुऊन धुऊन त्याची वीण दाट झालेली असते. बांगलादेशातल्या खेड्यांत अशा घड्यांच्या साडीने पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. गाळून झालं की फडकं स्वच्छ पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. ओलं फडकं तसंच दुसऱ्या दिवशी वापरलं तर आदल्या दिवशीची घाण पाण्यात उतरते.

दुसरी पायरी, गढूळ असेल तरच तुरटी. हंड्यात दोन-चार वेळा फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. "तुरटी फिरवली, आता पाणी शुद्ध" असं मानणारी चांगली शिकलेली माणसं मला भेटली आहेत.

तिसरी पायरी, क्लोरीन. ते निवळलेल्या पाण्यातच घालायचं. गढूळ पाण्यात घातलं तर ते गाळाशीच खर्ची पडतं. आणि माठात घालू नका. आधी प्लास्टिकच्या झाकणाच्या पिंपात घाला, अर्धा तास थांबा आणि मग माठात भरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं द्रावण किंवा गोळ्या वापरा आणि बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच घ्या. वेगवेगळ्या बनावटीचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे शेजारच्या गावातलं ऐकून घालू नका.

थांबा: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चिमटीने माठात टाकू नका. गावच्या टाकीसाठी तिचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम धरतात, म्हणजे वीस लिटरला दहावा भाग ग्रॅम. तो हाताने मोजता येत नाही. चिमूटभर टाकलं की पाणी इतकं उग्र होतं की लोक तोंडात घेऊन थुंकतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

तपासा: गावच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, काहीच रंग आला नाही तर नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्याला एक-दोनदा बोलवा. तपासलेला नमुना ओतून द्यायचा, माठात परत टाकायचा नाही.

वाळा घालायचा असेल तर शेवटी घाला, धुऊन, फडक्यात बांधून, आणि तीन-चार दिवसांनी काढून वाळवा. वास छान येतो, पण त्याने पाणी शुद्ध होत नाही.

७. भरायची वेळ

माठ भरल्याबरोबर पाणी गार होत नाही, त्याला काही तास लागतात. दुपारी बाराला भरलेला माठ चारपर्यंत कोमटच राहतो, आणि बारा ते चार हीच तर लोकांची वेळ. म्हणून एक माठ रात्री आठच्या सुमारास आणि दुसरा सकाळी सहा-सातला भरा. सकाळी रात्रीचा माठ चालू करा, तो संपेपर्यंत सकाळचा गार झालेला असतो. दुपारी भर घालावीच लागली तर रिकाम्या होत आलेल्या माठात घाला. गार माठात गरम पाणी ओतू नका.

पिंपातलं पाणी आदल्या दिवशी तयार करून झाकून ठेवलं तर पाळीवाल्याचं काम दहा मिनिटांत होतं. दहा मिनिटांचं काम माणूस जूनपर्यंत करतो, तासाभराचं काम पंधरा दिवसांत सुटतं.

८. धुणं आणि कोरडा दिवस

दररोज भरण्याआधी तळाचं पाणी पूर्ण ओतून द्या. "अर्धा आहे, वरून भरू" म्हणून भरत गेलं की गाळ साठतो आणि आठवड्यात आतली भिंत बुळबुळीत होते.

आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. माठ रिकामा करा, नारळाच्या काथ्याने आतून घासा, दोन पाण्यांनी धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. लागलाच तर खाण्याचा सोडा किंवा मीठ वापरा. साबण किंवा भांडी घासायचं द्रावण नको. माती ते शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस पाण्यात सोडते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा कोरडं केलं की ही साखळी तुटते. दोन माठ असले तर एकाचा कोरडा दिवस बुधवारी, दुसऱ्याचा शनिवारी.

तोटी काढून तिच्या आत बोट फिरवा. शेवाळ आधी तिथे धरतं.

जनावरांसाठी पाणी ठेवायचं असेल तर वेगळी कुंडी ठेवा, दहा-पंधरा पावलं लांब. पाखरांचं परळ झाडाला टांगा आणि त्यातलं पाणी रोज बदला.

९. माणूस आला की

कुणालाही नाव, गाव, कुठून आलात, कुणाच्याकडे चाललात हे पाणी देण्याआधी विचारू नका. पाणी पिऊन झाल्यावर तो आपणहून बोलला तर बोला. पाण्यापुढचा पहिला प्रश्न "कुठले तुम्ही?" असा असला की ज्यांना या प्रश्नाचा अर्थ पिढ्यान्पिढ्या माहीत आहे ती माणसं तहानलेलीच पुढे जातात. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसांना जावं लागलं होतं. म्हणूनही मला तोटी पसंत आहे. वरून ओतणारा आणि खाली ओंजळ धरणारा असं काही राहत नाही, ज्याचं पाणी तो आपल्या हाताने घेतो.

फोटो काढू नका. पाणी पिताना माणसाची मान वर असते, डोळे मिटलेले असतात. त्या वेळी समोर मोबाईल धरू नये.

कुणी पैसे देऊ केले तर "पाण्याचे कसले पैसे" एवढं पुरे. दानपेटी ठेवली की गरिबाला वाटतं टाकावेच लागतील, आणि मग तो येत नाही.

१०. पाणी मागायला आलेला माणूस बरा दिसत नसेल

उन्हातून आलेला माणूस बरळत असेल, झोक जात असेल, अंग भाजल्यासारखं तापलं असेल तर त्याला नुसती तहान लागलेली नाही, ऊन लागलेलं आहे. हे काम पुढच्या क्रमानेच करा.

आधी १०८ ला फोन लावायला कुणाला तरी नावाने सांगा. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की सगळे बघत राहतात. मग त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओली फडकी मान, काखा, जांघा इथे ठेवा आणि वारा घाला. पूर्ण शुद्धीत असेल आणि स्वतः पेला धरू शकत असेल तरच घोट-घोट पाणी द्या.

थांबा: बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. लोक कळवळून हेच पहिलं करतात. त्याला कुशीवर वळवा आणि अंग गार करत राहा. झटके येत असतील तर कांदा, चप्पल, चमचा यातलं काहीही तोंडानाकाशी नेऊ नका. आजूबाजूचे दगड, सायकल बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि झटके किती वेळ चालले ते घड्याळात बघा, डॉक्टर तेच विचारतात.

समोरच्या दुकानात ओआरएसची चार पाकिटं ठेवून द्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात घालून देऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

११. घर इमारतीत असेल तर

सोसायटीच्या फाटकाशी एक माठ ठेवता येतो. इथे पाणपोई चालवणारा वॉचमनच असतो, म्हणून त्याला आधी विचारा आणि भरण्याचं काम त्याच्यावर टाकू नका. त्याने फक्त संपलं की फोन करायचा. पाटीवर "पार्सलवाले, कुरिअरवाले, सर्वांसाठी पिण्याचं पाणी" असं स्पष्ट लिहा. नुसतं "पिण्याचे पाणी" वाचून बाहेरच्या माणसाला ते रहिवाशांसाठी आहे असंच वाटतं.

पार्सल घेऊन आलेल्याला दारात "पाणी हवं का?" विचारलं तर तो घाईत "नको" म्हणतो. पेला भरून हातात घेऊनच दार उघडा, मग तो घेतो. त्याची पुढची वेळ ठरलेली असते, म्हणून गप्पा नकोत. आणि तळमजल्यावर संडास असेल तर त्याची किल्ली वॉचमनकडे ठेवून तसं सांगून ठेवा. दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्या बायका पाणी कमी पितात ते याच अडचणीमुळे.

१२. स्वतः प्रवासात असाल तेव्हा

एसटीत किंवा रेल्वेत शेजारच्याला आपल्या उघड्या बाटलीतलं पाणी देऊ केलं आणि तो नको म्हणाला, तर वाईट वाटून घेऊ नका, आग्रह तर मुळीच करू नका. अनोळखी माणसाकडून खाऊ-पिऊ नये, ही सूचना त्याने स्टेशनवर ऐकलेली असते आणि ती योग्यच आहे. त्यापेक्षा "तुमची बाटली द्या, माझ्याबरोबर भरून आणतो" म्हणा. उतरण्याआधी कंडक्टरला गाडी किती मिनिटं थांबणार ते विचारा आणि आपली जागा दाखवून ठेवा. बाटलीचं तोंड नळाला टेकवू नका. टोपण घट्ट लावून परत द्या.

एकट्या म्हाताऱ्या बाईला पाणी देऊनही ती पीत नसेल तर कारण विचारू नका. पुढचा थांबा कुठे आहे, तिथे बायकांची सोय आहे का, हे कंडक्टरला विचारून तिला ऐकू जाईल असं सांगा. थांब्यावर "आजी येईपर्यंत गाडी सोडू नका" असं कंडक्टरला बजावा. तेवढं झालं की ती आपोआप पाणी पिते. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

स्वतःची गाडी असेल तर पाण्याचा एक जार सोबत ठेवा, सावलीत, डिकीत कापडाखाली. रस्त्याच्या कामावर माणसं दिसली तर गाडी डावीकडे पूर्ण रस्त्याखाली उतरवा आणि खाली उतरून द्या. चालत्या गाडीतून बाटल्या फेकू नका.

१३. जूनमध्ये

पहिला पाऊस पडला म्हणून लगेच माठ उचलू नका. वळवाच्या सरीनंतर चार दिवस पुन्हा ऊन तापतं. पाऊस नीट लागला की बंद करा, आणि बंद करताना पाटीही काढा, म्हणजे कुणी फसणार नाही.

माठ धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि घरात पालथा घाला. भिंतीची छिद्रं हंगामभरात क्षारांनी बुजतात. पुढच्या वर्षी तो पाझरत नसेल तर पाखरांसाठी किंवा झाडासाठी वापरा आणि पाणपोईला नवा आणा. तोट्या काढून कोरड्या करून डब्यात ठेवा. त्याच डब्यात ती वही ठेवा, आणि ठेवण्याआधी शेवटच्या पानावर माठ कोणकोणत्या दिवशी दुपारी रिकामा सापडला त्या तारखा उतरवून घ्या. पुढच्या पाडव्याला पाळ्या लावताना सगळ्यात आधी ते पान उघडायचं आहे.